पाटी आहे, पण हुकूम कुठाय? वेगाच्या कायद्यातल्या फटी

आजचा विषय रस्त्याचा आहे. तो पुरुषांचा विषय आहे, असं म्हणून रेडिओचा आवाज कमी करू नका. रस्ता ओलांडून शेतावर आपण जातो, लेकरांना शाळेच्या गाडीपर्यंत आपण सोडतो आणि घरातलं कुणी परत यायला उशीर झाला, की दारात उभ्या राहणाऱ्याही आपणच.

आपल्या दोन तालुक्यांतून आता मोठे रस्ते जातात. पुणे–सोलापूर महामार्ग भिगवण, पळसदेव, इंदापूर असा गेलाय. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे तोंडल्याला जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग चौपदरी करायचं ठरलं आणि त्याची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. रस्ता चांगला झाला की दवाखाना जवळ येतो, भाजी वेळेत बाजारात पोचते. पण त्याच रस्त्यावरून गाड्या सुसाट जातात.

साधा हिशोब करू. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे सरकते. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन दोन पदरांची एक बाजू ओलांडायला आपल्याला आठेक सेकंद लागतात. तेवढ्यात ती गाडी सव्वादोनशे मीटर येते. लांब दिसणारी गाडी रस्त्याच्या मध्यावर पोचेपर्यंत अंगावर येते, ती अशी. गाडी ताशी ६० ने आली, तर त्याच आठ सेकंदांत १३५ मीटरही कापत नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या दर शंभरांमागे ७१ मृत्यू जास्त वेगाच्या खात्यात नोंदले आहेत.

मग बचत गटाच्या बैठकीत प्रश्न निघतो : “कायदा आहे ना? मग सुटतात कसे?” त्याचंच उत्तर आज शोधू. कायद्यात फटी आहेत. पण नीट पाहिलं तर त्यातली बहुतेक प्रत्येक फट म्हणजे कुणीतरी करायचं राहिलेलं एक काम असतं. एखादा हुकूम निघालेला नसतो, यंत्र तपासलेलं नसतं, नोटीस वेळेत गेलेली नसते. ते काम करून घेणं आपल्या हातात बऱ्यापैकी आहे.

पहिली फट : पाटी आहे, हुकूम नाही

वेगमर्यादा येते मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ मधून. देशभराची वरची मर्यादा केंद्र सरकार ठरवतं. शाळा, वस्ती, पूल, वळण अशा जागी ती आणखी खाली आणायचा अधिकार राज्य सरकारला किंवा राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. राजपत्रात अधिसूचना निघायला हवी, आणि रस्त्यावर योग्य जागी नियमाप्रमाणे फलक लागायला हवा. मर्यादा महिनाभरापेक्षा जास्त चालणार नसेल, तेव्हाच अधिसूचनेतून सूट मिळते.

आता गावोगाव काय दिसतं? तरुण मंडळाने नाहीतर ग्रामपंचायतीने हौसेने पाटी रंगवलेली असते, ‘वाहने सावकाश चालवा, वेग २०’. हेतू चांगलाच आहे. पण त्या पाटीमागे अधिसूचना नसेल, तर २० च्या जागी ५० ने गेलेल्या चालकाला वेगमर्यादा मोडली म्हणून शिक्षा होणं अवघड. वकील कोर्टात एवढंच विचारतो, “अधिसूचना दाखवा.” ती नसली की खटला तिथेच लंगडा पडतो.

गतिरोधकाचंही तसंच. अपघात झाला की संतापून रातोरात मुरमाचा नाहीतर काँक्रीटचा उंचवटा घातला जातो. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाप्रमाणे साधा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, आधी फलक असतो आणि वर रंगाचे पट्टे असतात. अरुंद, उंच, रंग नसलेल्या उंचवट्यावर रात्री पहिल्यांदा पडते ती दुचाकी, आणि तिच्या मागे बसलेली बाई. म्हणून गतिरोधक स्वतः घालायचा नाही, मागून घ्यायचा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक सहसा देत नाहीत. तिथे खडखड आवाज करणाऱ्या पट्ट्या, फलक, दिवे, भुयारी वाट किंवा पूल मागता येतो.

दुसरी फट : काटा तपासलेला नाही

आपल्या भागात काटा काय असतो ते सांगायला नको. ऊस घालताना वजनकाट्यावर शिक्का आहे का, वैधमापनवाल्यांनी तो तपासलाय का, हे शेतकरी विचारतो. वेगाचंही तेच आहे.

कलम १८३ मध्ये जास्त वेगाची शिक्षा आहे : हलक्या गाडीला १,००० ते २,००० रुपये दंड, मध्यम आणि जड मालवाहू किंवा प्रवासी गाडीला २,००० ते ४,०००. पण त्याच कलमात असंही म्हटलंय की एकट्या साक्षीदाराने “माझ्या मते गाडी फार जोरात होती” एवढं सांगितलं, तर त्यावर कुणाला दोषी धरता येत नाही. त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक मोजमापाचा आधार हवा. म्हणून पोलीस स्पीडगन वापरतात.

२०१९ साली कायद्यात कलम १३६ अ आलं आणि कॅमेऱ्याने देखरेख करायचं ठरलं. त्याचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये निघाले. त्यांप्रमाणे यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. पुढे कॅमेरा आहे, असा फलकही आधी लावावा लागतो. २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांनाही वैधमापनाच्या नियमांत आणलं. म्हणजे उसाच्या काट्याला जशी पडताळणी आणि शिक्का लागतो, तसाच या वेगाच्या काट्यालाही.

कॅमेऱ्यातला फोटो कोर्टात चालवायचा तर त्याच्याबरोबर आणखी एक प्रमाणपत्र लागतं. ही नोंद कोणत्या यंत्रातून आली आणि ते यंत्र नीट चालत होतं का, हे त्यात लिहिलेलं असतं. ते किती गरजेचं आहे, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने पक्कं झालं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद होता, आणि त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण पुरावा म्हणून आलं होतं. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलेलं नसेल तर हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तेव्हा हा नियम पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे.

हे नियम गुन्हेगाराला वाचवायला केलेले नाहीत, हे लक्षात ठेवा. उद्या आपल्या भावाला कुणी नुसत्या अंदाजाने “तू ८० ने आलास” म्हणून पावती फाडली, तर हेच नियम त्याच्या पाठीशी उभे राहतात. मात्र खात्याने प्रमाणपत्र नवं केलं नाही, की खरोखर जोरात गेलेलाही त्याच दारातून बाहेर पडतो.

तिसरी फट : नोटीस उशिरा

कलम २०९ फार कमी जणींना माहीत असतं. जास्त वेग किंवा धोकादायक चालवणं या गुन्ह्यात शिक्षा व्हायची तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते. चालकाला तिथेच सांगितलेलं असावं, की तुझ्यावर खटल्याचा विचार होईल. किंवा १४ दिवसांच्या आत त्याला अथवा गाडीच्या मालकाला लेखी नोटीस पोचलेली किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी. किंवा २८ दिवसांच्या आत समन्स बजावलेलं असावं. कॅमेऱ्याच्या २०२१ च्या नियमांतही नोटीस १५ दिवसांत पाठवायची आहे, आणि तिच्यात गाडीचा नंबर दिसणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा हवी.

या मुदतीमागे कारण आहे. चार महिन्यांपूर्वी कोणत्या वळणावर किती वेगात होतो, हे कुणाला आठवणार? विलायतेत १९३० च्या रस्ते कायद्यातही अशीच १४ दिवसांची अट होती आणि तिथे ती आजही पाळतात.

पण या फटीला दुसरी बाजू आहे. मालकाचा पत्ता जुना असेल आणि नीट शोधूनही तो सापडला नाही, किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे उशीर झाला, तर कोर्ट ही सवलत देत नाही. म्हणून “पत्ता बदलला नाही की पावती येत नाही” असं कुणी शहाणपण शिकवलं, तर ऐकू नका. नोटीस आली नाही म्हणून थकलेली रक्कम नाहीशी होत नाही. ती गाडी विकताना किंवा कागद करताना पुढे येते.

चौथी फट : नंबरच नाही

कॅमेरा माणूस ओळखत नाही, नंबर ओळखतो. नंबरपट्टी नसेल, चिखलाने भरली असेल, वाकवली असेल, तर लाखोंचा कॅमेरा आंधळा. हंगामात आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. ट्रॉलीलाही नोंदणी क्रमांक असतो आणि तो मागे दिसायला हवा, लाल परावर्तक पट्ट्या हव्यात. उसाच्या मोळ्यांखाली दोन्ही झाकून जातात.

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं, ते सगळ्यांनी ऐकलंय. भरधाव महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. चालवणारा १७ वर्षांचा होता. त्या मोटारीची कायम नोंदणीच झालेली नव्हती आणि तिला नंबरपट्टी नव्हती. म्हणजे आदल्या दिवशी ती कितीही कॅमेऱ्यांसमोरून गेली असती, तरी चलान काढायला नंबरच नव्हता. पहिल्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर देशभर संताप झाला. पण त्या रात्रीच्या कितीतरी आधी एक साधं काम राहून गेलं होतं : नोंदणी नसलेली मोटार रस्त्यावर येऊच द्यायची नव्हती.

धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर मिळालाच नाही, तरी घरच्यांचा हक्क संपत नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये, आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. हे आपल्या गावातल्या प्रत्येक विधवा बाईपर्यंत पोचवा.

पाचवी फट : पकडला जातो चालक, घाई असते मालकाची

दुधाचा टँकर अमुक वाजता संकलनावर पोचलाच पाहिजे. कामगारांची बस पाळीच्या आधी गेटवर हवी. उसाच्या खेपेवर पैसे मिळतात, म्हणून दिवसाला एक खेप जास्त. चालक जोरात जातो, दंड चालकाच्या पगारातून कापला जातो, आणि घाई करायला लावणारा नामानिराळा राहतो.

कायद्यात मात्र तो नामानिराळा नाही. कलम १८३ प्रमाणे आपल्या नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणाराही शिक्षेला पात्र आहे. पुढे असंही म्हटलंय, की मर्यादा मोडल्याशिवाय गाठताच येणार नाही असं वेळापत्रक कुणी काढलं किंवा तसा हुकूम दिला, आणि कोर्टालाही तसं वाटलं, तर ते वेळापत्रकच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं. हे कलम फारसं वापरलंच जात नाही, कारण हुकूम तोंडी असतो. ज्यांचे नवरे, मुलं चालक आहेत, त्यांनी एवढं करावं : वेळेचा हुकूम मोबाइलवर मेसेजने आला तर तो पुसू नये.

टँकर, डंपर आणि शाळेच्या बस यांना वेग ६० वर रोखणारं यंत्र बसवायचा केंद्राचा नियम आहे. फिटनेसच्या तपासणीपुरतं यंत्र चालू ठेवायचं आणि बाहेर आल्यावर तार काढायची, ही त्यातली फट. शाळेची बस असेल तर पालक सभेत सरळ विचारा, “यंत्र चालू आहे का? आम्हाला दाखवा.”

आता आपल्या अंगणात

मैत्रिणींनो, एक फट आपल्याच घरात असते. बचत गटाच्या कर्जातून घेतलेली स्कूटर आपल्या नावावर असते आणि दहावीतला मुलगा तिच्यावर क्लासला जातो. “आपल्या गावातच तर जातोय” असं आपण म्हणतो.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ नीट ऐका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पूर्ण काळजी घेतली होती, हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. किल्ली खिळ्यावर टांगलेली असेल, तर ते कसं सिद्ध करणार? गाडी नवऱ्याने दिली, कागदावर नाव आपलं, तरी मालक म्हणून विचारणा आपल्याकडे होते.

गाडी आपल्या नावावर असेल आणि मोठ्या माणसाने चालवताना चलान आलं, तर पोलिसांनी विचारल्यावर चालवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती देणं कलम १३३ प्रमाणे मालकाचं कर्तव्य आहे. ‘आम्हाला काय माहीत’ म्हणून भागत नाही. चलान आलं की आधी फोटो, नंबर, तारीख, जागा तपासा. चुकीचं असेल तर तक्रार करा, कोर्टात हरकत घ्या. बरोबर असेल तर भरून टाका. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला, हे मात्र लक्षात असू द्या.

फट बुजवायची कशी

आधी रस्ता कुणाचा ते विचारा : राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम खातं, की जिल्हा परिषद? अर्ज चुकीच्या दारात गेला की वर्ष जातं.

मग ठराव करा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथे हा विषय मांडा आणि ग्रामसभेच्या वहीत उतरवून घ्या. ठरावाची प्रत जोडून जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज द्या, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे ते अध्यक्ष असतात. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक बारामतीच्या परिवहन कार्यालयात, आणि एक ज्यांचा रस्ता त्यांना. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का मारलेली पोच घ्या. नमुना असा :

“आमच्या गावातून अमुक रस्ता जातो. अमुक ठिकाणी शाळा, अंगणवाडी आणि वस्ती आहे. गेल्या तीन वर्षांत येथे अमुक अपघात झाले, त्यांच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. येथील वेगमर्यादा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे अधिसूचना काढून ठरवावी, नियमाप्रमाणे फलक लावावेत, रस्ता ओलांडण्याची सोय करावी आणि वेग मोजण्याची तपासणी नियमित ठेवावी. ग्रामसभेचा ठराव सोबत आहे.”

अपघातांच्या तारखांची वही गटाच्या हजेरीवहीसारखी ठेवा : दिवस, वेळ, जागा, कोणती गाडी. “इथे नेहमी अपघात होतात” या वाक्याला वजन नसतं. तारखांना असतं.

महिना-दोन महिने उत्तर नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांत. विचारायचं एवढंच : आमच्या गावाच्या हद्दीत वेगमर्यादेची अधिसूचना निघाली आहे का? असल्यास प्रत द्यावी. माहिती साधारण ३० दिवसांत द्यावी लागते. अधिसूचना निघालेली नसेल, तर तेच लेखी उत्तर पुढच्या अर्जाला जोडा.

आणि रस्ताच चुकीचा बांधला असेल तर? कलम १९८ अ प्रमाणे रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मापाप्रमाणे न केल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर संबंधित अधिकारी किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण धोका आधीच लेखी कळवला होता, याची पोच तेव्हा मोलाची ठरते.

या कामात वकील लागला, तर घाबरू नका. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सरासरी वेग शंभरात पाचने उतरला, तरी जीवघेणे अपघात शंभरात तीसपर्यंत कमी होऊ शकतात. म्हणजे गाड्या थांबवायच्या नाहीत, रस्ता अडवायचा नाही. आपल्या वस्तीपुरता वेग थोडा खाली आणायचाय, आणि तो कागदावर पक्का करायचाय.

तर या महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं राखून ठेवा. आपल्या गावच्या वेगाच्या पाटीमागे हुकूम आहे की नाही, हे शोधायचं काम दोघींना वाटून द्या. काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या भागात आपण त्यावर बोलू. आणि हो, आज संध्याकाळी स्कूटरची किल्ली खिळ्यावरून काढून आपल्या कपाटात ठेवा.